पोलीस दिसला तर काय करशील?

ठाकूरद्वारच्या एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर आमची कचेरी होती. तळमजल्यावर पापड-मसाल्याचं दुकान, पहिल्या मजल्यावर बायकांचा शिवणवर्ग, आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही. दारावर पाटी होती : 'मानसशास्त्रज्ञांची अखिल भारतीय संघटना, मुंबई शाखा.' पाटी एवढी लांब की जिना चढून धापा टाकणारा माणूस ती अर्धीच वाचायचा. त्याला 'मानस' एवढं दिसलं की पुरे. इथे डोक्यावर औषध मिळतं अशी त्याची समजूत व्हायची आणि तो आत येऊन बसायचा.

एकदा एक पोक्त गृहस्थ आले. कोट, टोपी, हातात छत्री. म्हणाले, "मी वेडा नाही असा दाखला हवाय."

मी विचारलं, "कचेरीत द्यायचाय का?"

"नाही, बायकोला."

"त्यांना तुमचा संशय आहे का?"

"संशय कसला? खात्री आहे."

त्यांची समजूत घालून मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. मग एक ज्योतिषी आले. त्यांना संघटनेचं सभासद व्हायचं होतं. "मीही मनच वाचतो, आणि तुमच्या लोकांपेक्षा लवकर वाचतो," असा त्यांचा दावा. सभासद व्हायला एम. ए. लागतं म्हटल्यावर ते रागावले. जाता जाता माझा हात बघून त्यांनी सांगितलं की ही नोकरी काही तुम्हाला लाभणार नाही, वर्षाच्या आत सुटेल. मी त्याच कचेरीतून निवृत्त झाले.

खरं सांगायचं तर आमच्याकडे कुणावर उपचार होत नसत. उपचार करणारे, शिकवणारे, चाचण्या घेणारे असे जे मानसशास्त्रवाले देशभर पसरलेले होते, त्यांची ही संघटना. कुणी स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवावं आणि कुणी म्हणवू नये, हे आम्ही ठरवत असू. वर्षातून एकदा कुठल्यातरी शहरात अधिवेशन भरायचं. तिथे मनावर कमी आणि जेवणावर जास्त चर्चा व्हायची. एक त्रैमासिक निघायचं, ते कधीच तीन महिन्यांनी निघालं नाही. माणसाचा अहंकार या विषयावर आयुष्यभर व्याख्यानं देणारी माणसं निवडणुकीत उपाध्यक्षपदासाठी कशी भांडतात, हे मी सहकार्यवाह म्हणून फार जवळून पाहिलं आहे. पण या सगळ्या गमतीत एक काम गंभीर होतं. कुणी नवी चाचणी तयार केली की ती संघटना तपासायची आणि पसंत पडली तर पुस्तकावर छापायची परवानगी द्यायची : 'संघटनेच्या मान्यतेने.'

चाचणी म्हणजे काय, ते आधी सांगते. मुलाची समज किती हे बघायला त्याला ठरावीक प्रश्न विचारायचे. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच सुरात. उत्तर बरोबर आलं तरी 'शाब्बास' म्हणायचं नाही, चुकलं तरी कपाळाला आठी घालायची नाही, आणि 'असं का?' हे तर मुळीच विचारायचं नाही. कारण एकाला विचारलं आणि दुसऱ्याला नाही, तर तुलना कशी करणार? पुस्तक छापण्याआधी ते प्रश्न पुष्कळ मुलांना विचारून बघतात. कोणत्या वयाच्या मुलांना साधारण काय येतं हे त्यावरून ठरतं. मग नवीन मूल आलं की ते त्या आधीच्या मुलांशी ताडून बघायचं. आता ती आधीची मुलं कोण, हा खरा प्रश्न. आमच्या लोकांची एक जुनी खोड आहे. प्रयोगाला माणूस हवा असला की समोर जो बसला असेल त्यालाच धरायचं. मानवी मनाविषयी आम्ही ठणकावून जे सांगतो त्यातलं बरंचसं कॉलेजात हजेरीसाठी बसलेल्या पोरांविषयी असतं.

प्रोफेसर सबनीसांनी तेच केलं होतं. सबनीस सर माझे शिक्षक आणि संघटनेचे उपाध्यक्ष. उंच, गोरे, धोतर-कोटातले, गिरगावात जन्मलेले आणि गिरगाव संपलं की जग संपतं असं मनापासून मानणारे. द्विभाषिकाचे दिवस होते ते. मुंबई महाराष्ट्राची की कोणाची यावरून शहर पेटलेलं. अशा वेळी सरांनी मराठी मुलांसाठी मराठीतून बुद्धीची चाचणी तयार केली. साहेबाच्या चाचणीचं भाषांतर नव्हे, स्वतःची. आम्हाला केवढा अभिमान वाटला! प्रश्न त्यांनी आसपासच्या वाड्यांतल्या मुलांना आणि त्यांची बहीण जिथे मुख्याध्यापिका होती त्या शाळेतल्या मुलांना विचारून घासूनपुसून घेतले होते. संघटनेने मान्यता दिली त्या दिवशी आमच्या शाखेचे अध्यक्ष शांतिभाई यांनी पेढे आणले. शांतिभाई गुजराती. मुंबई कोणाची यावर त्यांचं आणि सबनीस सरांचं रोज भांडण व्हायचं आणि भांडता भांडता दोघं एकाच बशीतली भजी संपवायचे.

पुढच्या वर्षी ते पुस्तक शाळाशाळांतून गेलं.

एके दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. सदरा-लेंग्यातला एक मध्यमवयीन माणूस दारात थांबला. बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. तो आत आला, पण मुलगी दारातच उभी राहून ओठ हलवत पाटी वाचत होती. शेवटपर्यंत वाचून मग आत आली आणि बापाला हळूच म्हणाली, "अखिल म्हंजे काय?" आमची पाटी पूर्ण वाचून आलेलं ते पहिलंच माणूस.

"मी भिवा तांबे," तो म्हणाला. "लालबागला ऱ्हातो, गिरणीत हाय. ही माजी शकुंतला. बाई, शाळेतल्या त्या डोस्क्याच्या पुस्तकावर तुमच्याच संघटनेचं नाव हाय ना?"

मी हो म्हटलं.

"मग तुमीच सांगा हिचं काय चुकलं. एक मास्तर आले, हिला कायबाय विचारलं आणि गेले. गेल्या आठवड्यात वर्गात सगळ्यांसमोर नावं वाचली. जूनपास्नं ह्या पोरांनी मंद मुलांच्या वर्गात जायचं. तो वर्ग तिकडं अँटॉप हिलच्या बाजूला दुसऱ्या शाळेत. तिथनं सातवीच्या परीक्षेला बसवत नायत."

"तांबे, इथे आम्ही मुलं तपासत नाही," मी म्हटलं. "जे तपासतात त्यांची ही संघटना आहे."

"म्हंजे युनियन."

"युनियन नव्हे हो."

"मंग काय? आमच्या मेंबराला मालकानं तरास दिला की आमची युनियन उभी ऱ्हाते. तुमच्या मेंबरानं लोकास्नी तरास दिला तर कोण उभं ऱ्हातं?"

मी त्यांना म्हटलं, "बसा." काही सुचलं नाही की समोरच्याला बसवावं, हे मी त्या खुर्चीत लवकर शिकले होते. दोघं बसली. तांबे जरा वेळाने म्हणाले, "बाई, आमी देव सोडले. धम्म घेतला तवा घरातले टाक, तसबिरी समदं समुद्रात नेऊन सोडलं. आता मानायला घरात एकच गोष्ट ऱ्हायली, शाळा. हिची आई रोज हिचं दप्तर पुसून ठेवते. आता तिला काय सांगू?"

मी शकूकडे वळले. चाचणी घ्यायचा मला त्या क्षणी अधिकार नव्हता, पण गप्पा मारायला परवानगी लागत नाही. शिवणवर्गातून तिच्यासाठी बिस्किटं मागवली आणि मास्तरांनी काय विचारलं ते सांग म्हटलं. पोरीला सगळं पाठ होतं.

"पाव्हणे आले तर कोणच्या खोलीत बसवशील, असं विचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"भायेर. ग्यालरीत." तिच्या घरी खोलीच एक होती. सरांच्या पुस्तकात बरोबर उत्तर होतं, 'बैठकीच्या खोलीत.'

"आणखी?"

"तू वाट चुकलीस. समोर पोलीस दिसला. तर काय करशील?"

हे मला माहीत होतं. उत्तर : त्याला घराचा पत्ता विचारीन.

"मी म्हटलं, पळेन."

मला हसूच आलं. पण तिचं अजून संपलं नव्हतं. "पण आधी धाकट्याला उचलीन," ती म्हणाली. "मास्तरांनी तेवढं ऐकूनच नाय घेतलं. म्हणाले, पुढचा प्रश्न."

हसू माझ्या तोंडातच राहिलं. त्या वर्षी लालबाग-परळात मोर्चा नसेल असा आठवडा विरळा. लाठ्या चालायच्या, अश्रुधूर सुटायचा, चाळीच्या जिन्यापर्यंत शिपाई यायचे. निळा डगला आणि पिवळी टोपी दिसली की कडेवर पोर घेऊन घरात शिरायचं आणि कडी लावायची, हे तिथल्या प्रत्येक आईने मुलांना शिकवलेलं होतं. सगळ्यात शहाणं उत्तर त्या पोरीने दिलं होतं आणि त्याला आमच्या मान्यतेने शून्य मिळालं होतं. वर मास्तरांचा दोष काढावा तर तोही काढता येईना. ते आमच्याच सुट्टीतल्या वर्गात शिकलेले, नियमाला धरून चालणारे गृहस्थ. 'असं का?' विचारायचं नाही हे आम्हीच त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं.

मी शाखेची बैठक लावली. विषय ऐकून सबनीस सरांनी मला आधीच बोलावून घेतलं. "लीला, तू माझी विद्यार्थिनी. आज मराठीत एक चाचणी झाली आणि तूच तिच्यावर कुऱ्हाड घालणार? दिल्ली-कलकत्त्याला हसायला कारण मिळेल." मी म्हटलं, "सर, लालबागची पोरंही मराठीच आहेत." ते रागावले.

बैठकीच्या दिवशी संध्याकाळी गिरगावात मोर्चा निघाला होता. शांतिभाई आले, बाकीचे आले, सरांचा पत्ता नाही. वेळेच्या आधी येऊन दुसऱ्यांच्या घड्याळाकडे बघणारा माणूस. बाहेर घोषणा चालल्या होत्या, मग एकदम आरडाओरडा झाला आणि खालच्या दुकानाच्या फळ्या धडाधड लागल्या. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं, आणि दारात सबनीस सर! धोतराचा सोगा हातात, टोपी नाही, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय मोकळा. येऊन खुर्चीत कोसळले.

मी पाणी दिलं. शांतिभाईंनी विचारलं, "शूं थयुं, सबनीस?"

"काही नाही हो. मी नुसता बघत उभा होतो नाक्यावर. आणि ते आले की लाठ्या घेऊन."

"कोण?"

"पोलीस!"

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? पळालो!"

शांतिभाई अतिशय सभ्य माणूस. त्यांनी पुढ्यातलं सरांचं पुस्तक उघडलं, चष्मा लावला आणि विचारलं, "त्याला पत्ता नाही विचारला?"

सर शांतिभाईंकडे बघत राहिले, मग स्वतःच्या अनवाणी पायाकडे. आणि मग हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आम्ही सगळेच हसलो. शिवणवर्गाच्या बाई काय झालं ते बघायला वर आल्या.

हसून झाल्यावर मात्र सरांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना आजही मनातल्या मनात नमस्कार करते. त्यांनी वाद घातला नाही असं नव्हे. "प्रत्येक मास्तर आपल्या मनाने उत्तरं धरायला लागला तर चाचणी कसली राहिली?" हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण मग तेच म्हणाले, "तेव्हा मास्तरांनी नियम मोडू नये. चाचणीच मागे घ्यावी. मी गिरगावची उंची मोजली आणि ती मुंबईची म्हणून छापली." मान्यता काढून घ्यावी आणि या चाचणीवरून कोणत्याही मुलाचा वर्ग बदलू नये, असा ठराव त्यांनी स्वतः मांडला. शांतिभाईंनी अनुमोदन दिलं.

आता कुणाला वाटेल, झालं. पण आमची संघटना अखिल भारतीय. मुंबईचा ठराव कलकत्त्याला केंद्रीय कार्यकारिणीकडे जाणार, तिथे एकजण आजारी, दुसरा परदेशी, तिसऱ्याला इंग्रजी मसुद्यातला एक शब्द नापसंत. माणसाच्या मनाचा वेग प्रकाशापेक्षा जास्त असतो म्हणे, पण त्याच माणसांची समिती केली की तो बैलगाडीपेक्षा कमी होतो. मी तारा करकरून त्यांना भंडावून सोडलं. शेवटी एप्रिल सरता सरता मंजुरी आली. मी ती घेऊन आधी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी वाचली आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून नावं काढली. तुम्हीच नको म्हणताय तर राहू देत त्यांना इथेच." एवढं सोपं होतं ते. मला त्यांचा राग आला आणि आमचाही आला.

तिथून नाचतच तांब्यांच्या चाळीत गेले. भिवा तांबे पहिली पाळी करून आले होते. मी बातमी सांगितली. ते म्हणाले, "लई उपकार झाले, बाई," आणि खाली बघत बसले. शकूची आई आत स्टोव्हपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "ती हितं नाय."

वर्गात नाव वाचल्यापासून पोरं शकूला चिडवत होती. शाळेत, नळावर, ग्यालरीत. काही दिवस तिने सोसलं आणि मग दप्तराला हात लावायचं सोडून दिलं. मारून बघितलं, समजावून बघितलं. "माजं डोस्कं चालत नाय, पुस्तकात लिवलंय," एवढंच म्हणायची. शेवटी तिला दाभोळच्या बाजूला गावी आजीकडे पाठवली होती.

"तिला पत्र टाका," मी म्हटलं. "पुस्तक चुकलं म्हणून कळवा."

"बाई," तिची आई म्हणाली, "पुस्तक चुकतं व्हय? असं ती मलाच इचारंल. तिला मी काय सांगू?"

मी कचेरीत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. सबनीस सर उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "कोकणची बोट कधी सुटते?"

शांतिभाई दचकले. "सबनीस, चौपाटीवर लाट पाहून तुम्हाला ओकारी येते!"

"येऊ दे," सर म्हणाले.

मे महिन्यात तांबे रजेवर गावी निघाले तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून सर त्यांच्याबरोबर बोटीत बसले. गिरगाव ओलांडायला कंटाळणारा माणूस. परत आले तेव्हा मी धक्क्यावर हजर होते. चेहरा हिरवट, डोळे खोल गेलेले, हातात अर्धं लिंबू. आणि मागे तांब्यांचं बोट धरून शकू.

सरांनी मला तिथेच सगळं सांगितलं. ते पोचले तेव्हा शकू करवंदं काढत होती. काट्यांतून वर बघायलाच तयार नव्हती. सर म्हणाले, तुझं उत्तर बरोबर होतं, चूक पुस्तकाची होती. तिने विचारलं, "पुस्तक चुकतं?" सर म्हणाले, "लिहिणारा चुकतो. ते मी लिहिलंय." तिने आणखी चार करवंदं काढली आणि म्हणाली, "मला हितं येऊन काय सांगता? नावं वर्गात वाचली व्हती. तिथं सांगा."

तेव्हा जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी आम्ही तिघं लालबागला गेलो, सर, शांतिभाई आणि मी. मुख्याध्यापक घाईघाईने म्हणाले, "एवढं कशाला, मी सांगतो मुलांना." सरांनी ऐकलं नाही. ते वर्गात गेले, टोपी काढली आणि मुलांसमोर उभे राहिले.

"मुलांनो," ते म्हणाले, "मी प्रोफेसर आहे. मी एक पुस्तक लिहिलं. त्यात विचारलं होतं की पोलीस दिसला तर काय करशील. त्याचं उत्तर मी चुकवलं. तुमच्या वर्गातल्या शकुंतला तांबेने ते बरोबर सांगितलं. तिला मंद म्हटलं गेलं ते माझ्या चुकीमुळे. मला माफ करा."

एवढा मोठा माणूस, आणि पोरांना 'माफ करा' म्हणाला. मी रडले, उगीच कशाला लपवू? मुख्याध्यापक दाराकडे वळले, सरांनी टोपी घातली. तेवढ्यात शकू उठली.

"सर, बाकीच्यांची नावं ऱ्हायली."

सरांना ती नावं माहीतच नव्हती. मलाही नव्हती. आम्ही एका पोरीसाठी आलो होतो. पण शकूला ती सगळी पाठ होती, त्या दिवशी वाचली होती त्याच क्रमाने. तिने एकेक नाव घेतलं, आणि एकेक पोर आधी इकडेतिकडे बघून मग उभं राहायला लागलं. सर प्रत्येकासमोर हात जोडत होते.

शेवटच्या नावाला कुणी उठलं नाही. शकूने जरा वाट पाहिली आणि ते नाव पुन्हा एकदा घेतलं, मोठ्याने.